उष्णता मुरायला वेळ लागतो

या वेळी आधी माझी चूक. मागच्या अंकात फ्रान्समधल्या ‘ईटर’ या संमीलन भट्टीबद्दल लिहिताना तिची आतली भिंत बेरिलियमची असणार, असं मी बिनधास्त लिहून टाकलं. ठाण्याच्या एका वाचकांनी दोनच ओळी पाठवल्या : ‘ताई, बेरिलियम रद्द झालं. आता टंगस्टन.’ खरं आहे. २०२३ मध्ये हा बदल ठरला आणि २०२४ च्या सुधारित आराखड्यात पक्का झाला. माझी टिपणवही जुनी आणि तिच्यावरचा विश्वास त्याहून जुना. क्षमस्व.

त्या चुकीपायी भिंतीवरच इतकी पत्रं आली की या महिन्यात दुसरं काही घेत नाही. बिडाच्या तव्याचं एक पत्र मात्र घेतलंय, ते शेवटी.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात : ईटर म्हणजे मेदूवड्याच्या आकाराची, पण तीन मजली घरात मावणार नाही एवढी पोकळी. तिच्यात ड्युटेरियम आणि ट्रिटियम हे हायड्रोजनचे जड भाऊबंद १५ कोटी अंशांपर्यंत तापवायचे, चुंबकीय क्षेत्राने भिंतीपासून लांब धरायचे आणि त्यांची केंद्रकं एकमेकांत मिसळू द्यायची. इतक्या तापलेल्या, इलेक्ट्रॉन सुटलेल्या वायूला प्लाझ्मा म्हणतात आणि अशा यंत्राला टोकामाक. ईटर अजून बांधलं जातंय. ऑक्सफर्डजवळ कलहॅमला ‘जेट’ नावाचा तिचा धाकटा अवतार चाळीस वर्षं चालला आणि डिसेंबर २०२३ मध्ये बंद झाला.

आणखी एक सांगून ठेवते. मी प्लाझ्माची माणूस नाही. अ‍ॅल्युमिनियम डायकास्टिंगच्या कारखान्यांत डाय, म्हणजे ओतकामाचा पोलादी साचा, फुटला की तो का फुटला हे शोधून काढायचं, यात माझी तीस वर्षं गेली. त्यामुळे या सगळ्याकडे मी भिंतीच्या बाजूने बघते.

प्रश्न : प्लाझ्मा १५ कोटी अंशांचा आणि टंगस्टनचा द्रवणांक ३४२२ अंश सेल्सिअस. मग भिंतीची क्षणात वाफ का होत नाही? (अकरावीतला विद्यार्थी, सांगली)

तुझ्या प्रश्नात तापमान आणि उष्णता या दोन गोष्टी एका दावणीला बांधल्या गेल्यात. आई फोडणी करताना मोहरीचा एखादा दाणा उडून हातावर पडतो. चटका बसतो, हात झटकला की विषय संपतो. त्याच कढईतलं पळीभर तेल सांडलं तर दवाखाना गाठावा लागतो. दाणा आणि तेल यांचं तापमान सारखंच, पण दाण्यात उष्णता असून असून किती असणार?

प्लाझ्मा हा त्या दाण्याहूनही गरीब. ईटरच्या पोकळीत ८४० घनमीटर प्लाझ्मा असेल आणि त्यात इंधन एक ग्रॅमपेक्षाही कमी. कणांची संख्या मोजली तर आपल्या भोवतालच्या हवेपेक्षा तो अडीच लाख पट विरळ. त्या सगळ्यात मिळून साठलेली उष्णता सुमारे ३५० मेगाज्यूल. आकडा दांडगा वाटतो म्हणून घरच्या हिशेबात सांगते : ९७ युनिट वीज. लहान कुटुंबाचं महिन्याचं बिल एवढंच येतं. किंवा स्वयंपाकाच्या गॅसचा अर्धा सिलिंडर. अर्ध्या सिलिंडरवर पंधरा-वीस दिवस स्वयंपाक होतो आणि कुणाचा ओटा वितळल्याचं ऐकिवात नाही.

आता खरी गोम. चुंबकीय पकड सुटली तर हा अर्धा सिलिंडर पंधरा दिवसांत नव्हे, एक ते तीन मिलिसेकंदांत भिंतीवर रिकामा होतो. या प्रकाराला ‘डिसरप्शन’ म्हणतात. मी त्याला प्लाझ्मा कोसळणं म्हणते. दोन मिलिसेकंद धरले तर त्या वेळात भिंतीकडे जाणारी शक्ती येते १,७५,००० मेगावॉट. आपल्या कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट. जवळजवळ नव्वद कोयना एकदम, डोळ्याची पापणी लवायच्या आत.

कोसळला नाही तरी रोजचा जाच आहेच. प्लाझ्माच्या कडेने निसटणारी उष्णता चुंबकीय रेषांवरून घसरत पोकळीच्या तळाशी येते. तिथे डायव्हर्टर असतो, चुलीच्या राखेच्या कोनाड्यासारखा. प्लाझ्मात तयार झालेला हेलियमही तिथूनच उपसतात आणि या क्षेत्रातले लोक त्याला ‘राख’च म्हणतात. तिथे दर चौरस मीटरवर सतत १० मेगावॉट पडणार, अधूनमधून २० सुद्धा. गच्चीवरचं दुपारचं कडक ऊन चौरस मीटरला साधारण १ किलोवॉट असतं. म्हणजे दहा हजार सूर्य.

प्रश्न : मी बांधकाम ठेकेदार आहे. ऊन लागत असेल तर आम्ही नऊ इंचीऐवजी चौदा इंची भिंत घालतो. तसं टंगस्टन दुप्पट-तिप्पट जाड का करत नाहीत? (नाशिक)

सगळ्या पत्रांत हा प्रश्न मला सर्वांत आवडला, कारण तीस वर्षांपूर्वी मीही हेच विचारलं असतं.

कैरीच्या फोडी बरणीत भरल्या भरल्या लोणचं होत नाही. मीठ आत मुरायला दिवस जावे लागतात आणि मोठ्या फोडीला जास्तच जावे लागतात. धातूत उष्णता अशीच मुरते. टंगस्टन हा उष्णतेचा चांगला वाहक, तरी एका मिलिसेकंदात ती त्याच्यात सुमारे ०.२ मिलिमीटरच मुरते. वहीची दोन पानं म्हणा. पूर्ण एक सेकंद दिला तर सातेक मिलिमीटर. बघा, वेळ हजार पट दिला आणि खोली तीसेक पटच वाढली, कारण ती वेळेच्या वर्गमूळाने वाढते.

त्यामुळे मिलिसेकंदाचा तडाखा बसतो तेव्हा मागे सहा मिलिमीटर धातू आहे की सहा फूट, हे वरच्या पापुद्र्याला कळतच नाही. सगळं त्या एकट्याला सोसावं लागतं. मागचे नातेवाईक पोचेपर्यंत कार्य उरकलेलं असतं.

आकड्यांत बघू. टंगस्टनचा एक जाडजूड ठोकळा घ्या आणि त्याच्या पृष्ठभागावर चौरस मीटरला १ मेगाज्यूल उष्णता टाका. नळाचं तीन लिटर पाणी उकळीला आणायला साधारण एवढी लागते. ती दहा सेकंदांत सावकाश टाकली तर पृष्ठभाग वीसेक अंशांनी तापतो, हातालाही फार जाणवणार नाही. तीच, तेवढीच उष्णता एका मिलिसेकंदात टाकली तर पृष्ठभाग सुमारे २००० अंशांनी तापतो. वेळ दहा हजार पट कमी, तापमानातली वाढ शंभर पट जास्त. पुन्हा तेच वर्गमूळ. रिपरिप पाऊस शेतात मुरतो आणि ढगफुटीचं पाणी माती घेऊन जातं, मग मिलिमीटरचा आकडा सारखा का असेना.

म्हणून भिंतीची परीक्षा घेणारे लोक नुसतं तापमान किंवा नुसती शक्ती सांगत नाहीत. चौरस मीटरला किती मेगावॉट, गुणिले किती सेकंदांचं वर्गमूळ, असा गुणाकार मांडतात. तो ५० च्या आसपास गेला की टंगस्टन वितळतं. वरच्या उदाहरणात तो ३२ येतो. वितळणार नाही, पण तडकेल. त्याचं पुढच्या उत्तरात.

आता जाडीचं नुकसान. डायव्हर्टरवर १० मेगावॉटचा सततचा मारा आहे आणि ती उष्णता मागच्या पाण्यापर्यंत पोचवायची आहे. मध्ये टंगस्टन सहा मिलिमीटर असेल तर त्याच्या दोन बाजूंच्या तापमानात सुमारे ५०० अंशांचा फरक पडतो. तुमच्या सल्ल्याने ते तिप्पट जाड केलं तर फरक १५०० चा होईल आणि पृष्ठभाग कायमचा इतका गरम राहील की टंगस्टनचे कण, म्हणजे धातूच्या आतले बारीक स्फटिक, पुन्हा वाढायला लागतील. कण वाढले की धातू आणखी कमकुवत. तुमची चौदा इंची भिंत ऊन अडवण्यासाठी असते, ही भिंत उष्णता पुढे ढकलण्यासाठी.

म्हणून तिथे काय करतात? आगपेटीहून लहान टंगस्टनचे ठोकळे, मधोमध भोक, आणि त्या भोकांतून माळेच्या दोऱ्यासारखी ओवलेली तांबं-क्रोमियम-झिर्कोनियमच्या मिश्रधातूची नळी. नळी आणि टंगस्टन यांच्यामध्ये शुद्ध तांब्याचा मऊ थर, कारण तापल्यावर दोघं सारखे फुगत नाहीत आणि भांडण कुणीतरी सोसायला हवं. नळीत सुमारे ७० अंशांचं पाणी, वातावरणाच्या चाळीसेक पट दाबाने. आणि पाण्यात एक पिळाची पट्टी, पाणी गरगरत जावं म्हणून. ही पट्टी मला फार आवडते. हजारो कोटींच्या यंत्रात शेवटी कामाला आला तो एक पिळलेला पत्रा.

प्रश्न : अ‍ॅल्युमिनियमच्या डायवर काही हजार शॉट (एकेक ओतणी) झाले की जाळीसारख्या बारीक भेगा येतात. आम्ही त्याला हीट चेक म्हणतो. टंगस्टनचं तसं होतं का? (टूलरूममधला फिटर, शिरोली एमआयडीसी)

होतं, आणि अगदी त्याच कारणाने. तुम्हाला पाठ असेल, बाकीच्यांसाठी सांगते. वरचा पापुद्रा एकदम तापतो आणि फुगायला बघतो. खालचा धातू थंडच असतो, तो त्याला पसरू देत नाही. पापुद्रा जागच्या जागी दाबला जातो, इतका की कायमचा चेपतो. मग तडाखा संपतो आणि तो निवतो. निवताना त्याला पूर्वीपेक्षा लहान व्हायचंय, पण खालचा धातू आता लहानही होऊ देत नाही. पापुद्रा चारी बाजूंनी ताणला जातो आणि फाटतो. म्हणजे भेग गरम होताना नाही, गार होताना पडते. हे लक्षात यायला मला नोकरीतली पहिली दोन वर्षं लागली.

टंगस्टनची अडचण अशी की ते थंड असताना काचेसारखं ठिसूळ असतं. काहीशे अंशांच्या वर गेल्यावर जरा वाकायला तयार होतं. नेमकं किती, ते कसं लाटलं-ठोकलं होतं त्यावर अवलंबून. तुम्ही सकाळी पहिल्या शॉटआधी डाय २०० अंशांच्या आसपास प्रीहीट करता ना? तोच न्याय.

आणि कडकपणाच्या मागे लागू नका. हे मी स्वतःच्या खर्चाने शिकले. १९९८ च्या सुमाराची गोष्ट, स्कूटरच्या क्रँककेसचा डाय होता. हीट चेक लवकर येतात म्हणून मी एच-१३ पोलादाची कठीणता ४६ रॉकवेलवरून ५१ वर न्यायला सांगितली. व्यवस्थापकांनी विचारलं, ‘नक्की?’ मी म्हटलं, नक्की. हीट चेक खरोखरच उशिरा आले. पण एका सोमवारी, रविवारच्या सुट्टीने गार पडलेल्या डायवर प्रीहीट अर्धवट ठेवून शॉट सुरू झाले आणि डाय आतल्या कोपऱ्यातून आरपार फुटला. जाळीच्या भेगा असलेला डाय पॉलिश करून आणखी काही हजार शॉट देतो. आरपार फुटलेला डाय भंगारात जातो. ऑपरेटरवर ठपका ठेवला गेला आणि मी गप्प बसले. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

टंगस्टनच्या बाबतीत आकडे तुमच्या-माझ्या शॉटपेक्षा पुष्कळ मोठे आहेत. जर्मनीत युलिशला ‘जूडिथ’ नावाच्या यंत्रांत टंगस्टनच्या नमुन्यावर इलेक्ट्रॉनचा झोत मारून हे तडाखे उसने आणतात. तिथे दहा लाखांपर्यंत ठोके दिले आणि जे दिसलं ते तुम्हाला ओळखीचं वाटेल : शंभर ठोक्यांत ज्या माऱ्याने पृष्ठभागाला काही होत नव्हतं, त्याच माऱ्याने लाखभर ठोक्यांनंतर तो खडबडीत झाला आणि मग भेगाळला. थकवा, दुसरं काही नाही. दहा लाख हा आकडा हवेतला नव्हे. ईटरमधल्या प्लाझ्माच्या कडेवरचे बारके स्फोट (त्यांच्याबद्दल पुढे सांगते) सेकंदाला ३० या गतीने होऊ दिले तर ४०० सेकंदांच्या एका प्रयोगात १२,००० ठोके होतात. असे नव्वद प्रयोग केले की दहा लाख पार.

मग भेगा आल्या तर भट्टी बंद करायची का? नाही. भेग कुठल्या दिशेची आहे, त्यावर ठरतं. पृष्ठभागातून सरळ खाली, पाण्याच्या दिशेने जाणारी भेग उष्णतेच्या आड येत नाही. पृष्ठभागाला समांतर भेग मात्र घातक. तिच्यावरचा पापुद्रा खालून तुटतो, त्याची उष्णता जायला वाट राहत नाही आणि पुढच्या ठोक्याला तो वितळतो. म्हणून ईटरसाठी टंगस्टन घेताना त्याचे लांबट कण पृष्ठभागाशी काटकोनात, उष्णतेच्या वाटेच्या दिशेने असावेत अशी अट आहे. लाकूड रेषेत फाटतं हे सुताराला माहीत असतं. इथेही फाटणार हे धरूनच, कुठे फाटायचं ते आधी ठरवून ठेवलंय.

प्रश्न : कार्बन वितळतच नाही, मग ग्रॅफाइटची किंवा थेट हिऱ्याची भिंत का नाही? (निवृत्त शिक्षिका, मडगाव)

बाई, हे करून झालंय, ग्रॅफाइटपुरतं तरी. जेटची आतली भिंत २००९ पर्यंत कार्बनचीच होती. तडाख्यांच्या बाबतीत कार्बन अतिशय गुणी : तो वितळून ओघळत नाही, थेट वाफ होतो, आणि त्याचे अणू प्लाझ्मात शिरले तरी फार बिघडवत नाहीत. पण त्याला हायड्रोजनची ओढ आहे. प्लाझ्मातला हायड्रोजन त्याला कुरतडतो, हायड्रोकार्बन तयार होतात आणि कानाकोपऱ्यात थर होऊन बसतात. त्यात ट्रिटियम अडकतं. जेटमध्ये १९९७ साली ट्रिटियम वापरून १६ मेगावॉटचा विक्रम झाला, तेव्हाच हे नको तेवढं स्पष्ट झालं होतं. ट्रिटियम किरणोत्सारी आणि सोन्याहून महाग. ते भिंतीत मुरू देणं परवडत नाही. हिरा हाही कार्बनच, त्याची सवय वेगळी नाही.

मजा अशी की टंगस्टनलाही एकदा हाकलून दिलेलं आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत प्रिन्स्टनच्या ‘पीएलटी’ टोकामाकमध्ये ते वापरलं होतं. टंगस्टनच्या अणूत ७४ इलेक्ट्रॉन. एवढ्या उष्णतेतही ते सगळे सुटत नाहीत, आणि उरलेले इलेक्ट्रॉन सतत प्रकाश फेकत राहून प्लाझ्मा मधूनच गार करतात. एक लाख कणांमागे टंगस्टनचे मोजकेच अणू चालतात, त्यापुढे शेकोटी विझते. मग ते गेलं, कार्बन आला. पुढे म्युनिकजवळ गार्शिंगला ‘अ‍ॅसडेक्स अपग्रेड’ या टोकामाकची भिंत हळूहळू, एकेक भाग करत २००७ पर्यंत पूर्ण टंगस्टनची केली आणि कडेचा प्लाझ्मा पुरेसा थंड ठेवला तर निभतं, हे दाखवून दिलं. सुनेला माहेरी पाठवून पुन्हा सन्मानाने आणल्यासारखं झालं. मधल्या काळात जेटने २०११ पासून बेरिलियमची भिंत आणि टंगस्टनचा डायव्हर्टर असं जोडकाम चालवलं. पण बेरिलियम १२८७ अंशांनाच वितळतं आणि त्याची धूळ फुप्फुसाला विषारी, म्हणून ईटरने ते सोडलं. माझी मागच्या अंकातली चूक ती हीच.

प्रश्न : मी फरशी बसवतो. एवढ्या लहान तुकड्यांची भिंत का? जितके सांधे जास्त तितकी कटकट जास्त. (लातूर)

कटकट आहेच. पण एकसंध पत्रा तापून फुगला तर जाणार कुठे? काँक्रीटच्या रस्त्यात फट सोडतात तशीच इथे. पण प्रत्येक फटीला दोन कडा असतात आणि या सगळ्या गोष्टीत कडा हेच खरं दुखणं आहे.

चुंबकीय रेषा डायव्हर्टरवर सरळ येऊन आदळत नाहीत, तीनेक अंशांच्या तिरप्या कोनाने घासत येतात. मावळतीचं ऊन अंगणावर येतं तसं. जमिनीवर ते पसरून सौम्य होतं, पण वाटेतल्या प्रत्येक खड्याच्या तोंडावर पूर्ण जोराने पडतं. एक ठोकळा शेजारच्यापेक्षा जराही वर आला की त्याच्या उघड्या कडेवर सपाट भागाच्या जवळजवळ वीस पट मारा बसतो. म्हणून दोन शेजारी ठोकळ्यांत ०.३ मिलिमीटरपेक्षा जास्त उंच-सखल चालत नाही. तुमच्या ओळंब्याला आणि दोरीला एवढं जमतं का ते मला कळवा. शिवाय प्रत्येक ठोकळ्याचा माथा अर्धा मिलिमीटर उतरता घासतात, म्हणजे एकाचा उंच भाग पुढच्याची कड आपल्या सावलीत घेतो. मंगलोरी कौलं एकमेकांवर चढवतो ते पाणी कडेतून आत जाऊ नये म्हणून. युक्ती तीच.

याची परीक्षा जेटने २०१३ मध्ये फार छान घेतली. डायव्हर्टरमधली टंगस्टनची एक पट्टी त्यांनी मुद्दाम वर काढून ठेवली. तिची कड पाव मिलिमीटरपासून वाढत अडीच मिलिमीटरपर्यंत उघडी होती. मग प्लाझ्माचे नेहमीचे स्फोट तिच्यावर येऊ दिले. कड वितळली. भीती अशी होती की वितळलेले थेंब उडून प्लाझ्मात जातील आणि खेळ संपेल. तसं झालं नाही. प्रत्येक स्फोटागणिक वितळलेला धातू थोडा थोडा बाजूला सरकला आणि टोकाला गोळा होऊन थिजला. ढकललं कुणी? तापलेल्या टंगस्टनमधून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, ती पोकळी भरायला धातूतून वीज वाहते आणि चुंबकीय क्षेत्रात वीज वाहिली की बल लागतं. विजेची मोटर फिरते त्याच नियमाने. जाणूनबुजून वाकडी बसवलेली एक फरशी, आणि त्यातून एवढं कळलं! तुमच्या धंद्यात मात्र असं करू नका.

प्रश्न : भिंतीला सोसायला लावण्यापेक्षा स्फोटच थांबवता येत नाहीत का? (पुणे)

तुम्ही मर्मावर बोट ठेवलंत. भिंत कितीही चांगली असली तरी ईटरमधला बेलगाम स्फोट तिला झेपणार नाही, हा हिशेब झालेला आहे.

कडेवरच्या त्या स्फोटांना ‘एल्म’ म्हणतात. १९८२ मध्ये गार्शिंगच्या जुन्या अ‍ॅसडेक्समध्ये असं दिसलं की पुरेशी शक्ती दिली तर प्लाझ्मा अचानक उष्णता जास्त चांगली धरून ठेवतो, जणू कडेला झाकण बसलं. झाकण आलं की कुकरची शिट्टी आलीच. कडेचा दाब वाढत जातो, एका मर्यादेला फुटतो, मिलिसेकंदाच्या आत थोडा प्लाझ्मा बाहेर फेकला जातो आणि पुन्हा दाब साठू लागतो. ईटरमध्ये अशी एक शिट्टी सुमारे २० मेगाज्यूलची होईल असा अंदाज. भिंतीला चालतील १ मेगाज्यूलपेक्षा कमी.

उपाय दोन. गोठवलेल्या हायड्रोजनच्या बारीक गोळ्या सतत मारून शिट्टी मोठी व्हायच्या आधीच, लहान असताना वाजवायची. किंवा पोकळीच्या आत बसवलेल्या वेटोळ्यांनी कडेचं चुंबकीय क्षेत्र मुद्दाम जरा चुरगाळायचं, म्हणजे वाफ आपोआप थोडी थोडी निसटत राहते. अमेरिकेत सॅन दिएगोच्या ‘डी-थ्री-डी’ टोकामाकवर हे पहिल्यांदा साधलं. ईटरमध्ये अशी २७ वेटोळी आहेत.

सगळा प्लाझ्माच कोसळायला निघाला तर शेवटचा उपाय : निऑन आणि हायड्रोजनची गोठलेली मोठी गोळी वाटेत फोडून तिचे तुकडे आत उधळायचे. निऑन सगळी उष्णता प्रकाशाच्या रूपाने चारी दिशांना फेकतो. मग ते ३५० मेगाज्यूल एका अरुंद पट्ट्यावर न पडता सुमारे ६०० चौरस मीटर भिंतीवर वाटले जातात. माझ्या हिशेबाने पृष्ठभाग तेव्हा आठशेक अंशांनी तापेल. टंगस्टन ते सोसेल. वेळ वाढवता येत नसेल तर जागा वाढवा, एवढाच याचा अर्थ.

यातून सुटून भरधाव पळणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा झोत ही वेगळी पीडा आहे. तो पृष्ठभागावर थांबत नाही, धातूत खोल घुसतो, पार नळीपर्यंत जाऊ शकतो. जेटच्या शेवटच्या दिवशी, १८ डिसेंबर २०२३ ला, शास्त्रज्ञांनी असे इलेक्ट्रॉन मुद्दाम आतल्या भिंतीवर सोडले. यंत्र बंद होणारच होतं, मग नुकसान कसं होतं ते तरी बघून घ्यावं. आता त्या फरशा यंत्रमानवाच्या हातांनी काढून तपासायचं काम चालू आहे. मला कुणी कलहॅमला नेलं तर मी बाकी काही बघणार नाही. भिंग घेऊन त्या फरशांपाशी बसेन.

प्रश्न : यात भारत कुठे आहे? (तीन-चार पत्रं, सोलापूर, अमरावती आणि दुबईहून)

भागीदारांत आहे, २००५ च्या डिसेंबरपासून. ईटरला बाहेरून झाकणारं निर्वात भांडं, क्रायोस्टॅट, ३,८५० टनांचं, गुजरातमध्ये हजिऱ्याला तयार होऊन जहाजाने गेलं. गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत ‘आदित्य’ आणि ‘एसएसटी-१’ हे आपले टोकामाक आहेत, आणि टंगस्टनच्या ठोकळ्यांवर इलेक्ट्रॉनचा झोत मारून पाहायची सोयही आहे. धातुशास्त्र शिकणाऱ्या मुलांनी तिकडे अर्ज करावेत, सगळ्यांनी सॉफ्टवेअरमध्ये जायलाच हवं असं नाही.

प्रश्न : पोळ्या झाल्यावर गरम बिडाचा तवा नळाखाली धरला. टक्‌ आवाज आला आणि तडा गेला. तवा चांगला वीस वर्षांचा होता. नवा तवा असता तर वाचला असता का? (चिपळूण)

नाही हो. वर शिरोलीच्या पत्राला दिलेलं उत्तर वाचा आणि ते गार होण्यापासून सुरू करा. नळाच्या पाण्याने तव्याचा वरचा पापुद्रा एकदम आकसला, आतला धातू गरमच होता, पापुद्रा ताणला गेला. बीड दाब मुकाट्याने सोसतं, ताण सोसत नाही. त्याच्यात ग्रॅफाइटच्या बारीक पाकळ्या असतात आणि फाटायला तिथून सुरुवात होते. तडा बारीक असला तरी वेल्डिंग करून आणू नका, पुढच्या आठवड्यात शेजारून फुटेल. नवा आणाल तो दहा मिनिटं ओट्यावर निवू द्या आणि मग धुवा. जुना कुंडीखाली ठेवा.